सिम रेसिंग: कॉकपिटमधून खरंच किती दिसायला हवं?

घाटवळण

नमस्कार मंडळी,

पुढच्या हंगामापासून आपल्या शनिवारच्या सिममधल्या, म्हणजे संगणकावरच्या, जीटी३ (छत असलेल्या स्पोर्ट्स कारच्या) शर्यतींना ‘पूर्ण वास्तव’ नियम लावावा, असा प्रस्ताव गटात आला आहे. कॉकपिट कॅमेरा (चालकाच्या सीटवरून दिसणारं दृश्य) सक्तीचा, स्क्रीनच्या वरच्या कडेला दिसणारा आभासी आरसा बंद, शेजारची गाडी दाखवणारा रडार बंद, शेजारी गाडी आहे हे कानात सांगणाऱ्या स्पॉटरचा आवाजही बंद. कारण असं दिलंय की खऱ्या चालकाला शेजारचं दिसत नाही, तर आपल्यालाही दिसायला नको.

कॉकपिट सक्तीचं करायला माझी हरकत नाही, उलट ते आधीच व्हायला हवं होतं. बाकीच्याला मात्र माझा विरोध आहे. खऱ्या चालकाला जेवढं दिसतं त्यापेक्षा आपल्यातल्या बहुतेकांना आधीच खूप कमी दिसतं, आणि हे नियम ते अजून कमी करतील. हवेत बोलत नाही, आकडेमोड करून दाखवतो.

२७ इंची मॉनिटरची रुंदी साधारण ६० सेंटीमीटर. डोळ्यांपासून तो ६० सेंटीमीटरवर असेल तर तुमच्या नजरेत तो आडवा सुमारे ५३ अंश व्यापतो. म्हणजे समोरच्या सरळ रेषेच्या प्रत्येक बाजूला साडेसव्वीस अंश. माणसाच्या दोन डोळ्यांचा एकूण पल्ला २०० अंशांच्या आसपास असतो. कडेकडचं अंधुक दिसतं, अक्षरं वाचता येत नाहीत, पण काहीतरी हललं हे पक्कं कळतं. शर्यतीत शेजारी गाडी आली हे समजायला तेवढंच लागतं.

आता बेल्जियमच्या स्पा ट्रॅकचं पहिलं वळण घ्या, ला सोर्स. उजवं हेअरपिन, म्हणजे जवळपास उलटं फिरवणारं वळण. बहुतेक जीटी३ गाड्यांत चालक डावीकडे बसतो, म्हणजे आत घुसणारी गाडी येते ती नेमकी आपल्यापासून लांबच्या बाजूने. आपल्या डोळ्यांपासून त्या गाडीच्या जवळच्या कडेपर्यंत आडवं अंतर २ मीटर धरू. साडेसव्वीस अंशांच्या आत येण्यासाठी तिचं नाक आपल्या डोळ्यांच्या ४ मीटर पुढे असावं लागतं. आपल्या स्वतःच्या गाडीचं नाक डोळ्यांपुढे अडीच मीटरच्या आसपास असतं. म्हणजे शेजारची गाडी आपल्या नाकाच्या जवळपास दीड मीटर पुढे गेल्याशिवाय ती स्क्रीनवर येतच नाही! तोपर्यंत आपण वळायला लागलेलो असतो आणि तिच्या दारावर आदळलेलो असतो. मग स्ट्युअर्डकडे, म्हणजे शर्यतीच्या पंचाकडे, तक्रार, आणि दोन्हीकडून ‘मला दिसलाच नाही’. दोघंही खरं बोलत असतात.

तीन मॉनिटर लावलेल्याची गोष्ट वेगळी. तेच २७ इंची तीन पडदे, तेच अंतर, बाजूचे दोन्ही नीट कोनात वळवलेले: एकूण १५९ अंशांच्या आसपास. त्याला ती गाडी जवळजवळ आपल्या खांद्याला आल्यापासून दिसते. एकाच शर्यतीत एकाला खांद्याजवळची गाडी दिसते आणि दुसऱ्याला नाकापुढे गेल्यावर. वरून त्या दुसऱ्याचा रडार काढून घ्यायचा आणि याला वास्तव म्हणायचं, हे मला मान्य नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे: वास्तव मोजायचं असेल तर चालकाच्या डोक्यात किती माहिती पोचते ते मोजा. स्क्रीनवरचं चित्र खऱ्या गाडीसारखं दिसतं की नाही, हा नंतरचा प्रश्न. तुमची मतं हवी आहेत, विशेषतः ज्यांनी रडारविरुद्ध मत दिलंय त्यांची.

किटलीकडक

+१. ला सोर्सचं गणित वाचून बऱ्याच जुन्या टकरींचा उलगडा झाला.

एक शंका. एफओव्ही, म्हणजे स्क्रीनवर मावणारा दृश्याचा कोन, वाढवून ९० केला तर? खेळात तो सरकपट्टीने वाढवता येतो, आडवं जास्त दिसतं. मग रडारची गरजच काय?

घाटवळण

@किटलीकडक, तिथेच बहुतेक जण फसतात. ५३ अंशांच्या जागेत ९० अंशांचं चित्र कोंबलं की सगळं बारीक होतं. वरच्याच मॉनिटरवर मध्यभागातलं चित्र बरोबर निम्मं होतं. ४० मीटरवरची गाडी ८० मीटरवर असल्यासारखी दिसते. वळणं खऱ्यापेक्षा तीव्र भासतात, वेगही जास्त वाटतो. ब्रेक कुठे मारायचा हे पाठांतराने जमतं, कारण वळणाआधीची १०० मीटरची पाटी जागा बदलत नाही. पण पुढची गाडी जागा बदलते. स्लिपस्ट्रीममधून (पुढच्या गाडीमागच्या कमी रोधाच्या हवेतून) बाहेर पडताना किंवा शिकेनच्या (लागोपाठच्या डाव्या-उजव्या वळणांच्या) तोंडाशी ती किती जवळ आहे हा अंदाज पाठ करता येत नाही.

आणि एवढं करून मिळतं काय? ९० अंशांवरही शेजारच्या गाडीचं नाक आपल्या डोळ्यांपुढे २ मीटर यावं लागतं. म्हणजे ती जवळपास बरोबरीत आल्यावरच कळतं. समोरचं सगळं अंतर बिघडवून बाजूचं अर्धवट मिळवायचं, हा सौदा मला तोट्याचा वाटतो.

रोलकेज

रडारविरुद्ध मत देणाऱ्यांत मी आहे, तेव्हा उत्तर देणं माझं काम.

पहिली गोष्ट, खऱ्या जीटी३ मध्ये चालक हान्स (डोकं-मान धरून ठेवणारं सुरक्षा साधन) लावून बसतो. मान वळते ती थोडीच. सीटला दोन्ही कानांशी डोकं सावरणारे पंख असतात, बाहेर जाळी, वर सुरक्षा-केजचे पाईप. तुमचे २०० अंश मोकळ्या मैदानात उभ्या माणसाचे आहेत, त्या सीटमध्ये कोंबलेल्या माणसाचे नाहीत.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ज्याला दिसत नाही तो लक्षात ठेवतो. सरळ रस्त्यावर आरशात गाडी दिसली, ब्रेकिंगला ती आरशातून गायब झाली, तर ती कुठे गेली असेल? बाजूलाच असणार. मग जागा सोडायची. ही सवय म्हणजेच शर्यतीची अक्कल. रडार चालू झाल्यापासून आपल्या शर्यतींत लोक त्या गोल चित्राकडे बघून गाडी हाकतात. लाल झालं की दचकून बाहेर जातात, पिवळं असलं की दार बंद करतात, म्हणजे शेजाऱ्याची वाट अडवतात. शेजाऱ्याचा अंदाज घेणं, तो आत्ता काय करेल याचा विचार करणं, हे सगळं संपलंय. रडार बंद केला तर पहिल्या दोन-तीन शर्यतींत टकरी होतील, पण नंतर लोक शिकतील.

तिसरी गोष्ट: खऱ्या गाडीत कुठे असतो असा रडार?

घाटवळण

@रोलकेज, तिसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे इतिहास तुमच्या बाजूने नाही.

२०११ ची ल माँ, फ्रान्समधली २४ तासांची शर्यत, आठवा. ऑडीने १९९९ च्या आर८सी नंतर पहिल्यांदाच छत असलेली गाडी आणली होती, आर१८. पहिल्याच तासात अ‍ॅलन मॅकनिश एका जीटी फेरारीला ओलांडताना तिच्याशी धडकला आणि गाडी कुंपणावर उलटीपालटी झाली. रात्री माइक रॉकेनफेलरची आर१८ पूर्ण वेगात दुसऱ्या एका फेरारीशी भिडून चक्काचूर झाली. दोघंही वाचले, हे नशीब आणि कार्बन फायबर. तिसरी ऑडी जिंकली, तीही पेजोच्या १४ सेकंदांपेक्षा कमी फरकाने. ल माँसारख्या शर्यतीत प्रोटोटाइप (खास शर्यतीसाठीच बनवलेल्या वेगवान गाड्या) आणि जीटी एकाच ट्रॅकवर धावतात, वेगात प्रचंड तफावत, त्यात रात्र. कोणाला कोण केव्हा दिसलं यावरच सगळं ठरतं.

२०१२ च्या आर१८ मध्ये ऑडीने मागे कॅमेरा आणि चालकासमोर अ‍ॅमोलेड पडदा दिला, कारण त्या गाडीला मागची काचच नव्हती. २०१३ मध्ये कॉर्वेटच्या प्रॅट अँड मिलर संघाने अमेरिकेत रडार आणि कॅमेरा एकत्र केले. मागून येणारी गाडी पडद्यावर, तिच्या जवळ येण्याच्या वेगाप्रमाणे खुणेचा रंग, आणि ती कुठल्या बाजूने ओलांडतेय त्याचा बाण. आज अशी यंत्रणा बॉश विकते आणि जीटी गाड्यांत ती सर्रास दिसते. अमेरिकेतल्या नॅसकार शर्यतींत तर स्टेडियमच्या छतावर उभा राहून ‘आत’, ‘बाहेर’, ‘मोकळं’ सांगणारा स्पॉटर हा शर्यतीचा अधिकृत भाग आहे, आणि २०२२ च्या नव्या पिढीच्या गाड्यांत मागचा कॅमेराही आला. ‘खऱ्या गाडीत काहीच नसतं’ हे खरं नाही.

रोलकेज

मान्य, पण तुमची सगळी उदाहरणं मागचं दाखवणाऱ्या यंत्रणांची आहेत. कॉर्वेटचा रडार मागे बघतो. दाराशी असलेली गाडी तो दाखवत नाही. सिममधला रडार मात्र चारही बाजूंनी, सेंटीमीटरच्या अचूकतेने दाखवतो. खऱ्या चालकाकडे तशी कुठलीच वस्तू नाही. स्पॉटर आहे तो ओव्हलवर, म्हणजे लंबगोल ट्रॅकवर. स्पात प्रत्येक वळणावर कोण उभं असतं?

घाटवळण

हा फरक बरोबर पकडलात आणि तो महत्त्वाचा आहे. म्हणूनच मी रडारची तुलना खऱ्या गाडीतल्या उपकरणाशी करतच नाही, डोळ्यांच्या कडांशी करतो. हान्स आणि पंख धरूनही खऱ्या चालकाला समोर बघताना कडेची हालचाल जाणवते. शिवाय बुबुळं फिरवता येतात, त्याला हान्स आडवा येत नाही. एका मॉनिटरवर बुबुळं फिरवली तर भिंत दिसते. सिममधला रडार त्या भिंतीच्या जागी काहीतरी देतो, कृत्रिम का असेना.

अचूकतेचा तुमचा आक्षेप मात्र मला पटतो. सेंटीमीटरचं चित्र नकोच. डावीकडे कोणी आहे की नाही, उजवीकडे कोणी आहे की नाही, एवढंच कळलं पाहिजे.

वेगवेडी

इथे कोणी हेलोबद्दल, चालकाच्या डोक्याभोवतीच्या संरक्षक कड्याबद्दल, बोललं नाही म्हणून लिहितेय, कारण दृश्यमानतेचा सगळ्यात मोठा गैरसमज तिथे आहे.

२०१८ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये हेलो आला तेव्हा मधला खांब बघून सगळे म्हणाले की चालकाला समोरचं दिसणार कसं. चालकांनी थोड्याच दिवसांत सांगितलं की खांबाची अडचण वाटत नाही. आणि आपण सिममध्ये बसलो की खांब नाकासमोर उभा! म्हणून कित्येक जण सेटिंगमध्ये जाऊन तो खांब लपवतात, आणि मग कोणीतरी त्यांना ‘वास्तव सोडलं’ म्हणून ऐकवतं.

प्रत्यक्षात खांब लपवणाराच वास्तवाच्या जवळ असतो. आपल्या दोन डोळ्यांमध्ये सरासरी ६३ मिलिमीटर अंतर असतं. खांब समजा २० मिलिमीटर रुंद आणि डोळ्यांपासून ४० सेंटीमीटरवर. डाव्या डोळ्याला जे खांबामागे लपतं ते उजव्याला दिसतं, आणि उलट. दोन्ही डोळ्यांना एकदम न दिसणारा भाग खांबामागे जेमतेम १९ सेंटीमीटरपर्यंत टिकतो, त्यापुढे संपतो. ट्रॅकवरची एकही गोष्ट पूर्ण झाकली जात नाही, आणि लांब बघताना मेंदू त्या पुसट दुहेरी खांबाकडे दुर्लक्ष करायला शिकतो. मॉनिटरवर मात्र सगळं एका डोळ्याच्या कॅमेऱ्यातून येतं. तिथे खांब घट्ट, अपारदर्शक, आणि मागचं सगळं गिळणारा.

हाच हिशेब आपल्या जीटी३ च्या ए-पिलरला, म्हणजे विंडस्क्रीनच्या कडेच्या खांबाला, लावा. पिलर आणि त्याला चिकटलेला केजचा पाईप मिळून १२ सेंटीमीटर धरू, डोळ्यांपासून ७० सेंटीमीटरवर. ५० मीटर लांब, एका डोळ्याच्या कॅमेऱ्याला त्यामागे साडेआठ मीटर रुंदीचा पट्टा झाकला जातो. दोन डोळ्यांना? चार मीटरच्या जरा वर. ढोबळ हिशेब आहे, डोकं कसं वळलंय त्यावर थोडा बदलेल, पण निम्म्याचा फरक राहतोच. इटलीतल्या इमोला ट्रॅकचं तोसा, डावं हेअरपिन, चालक डावीकडे. अपेक्स, म्हणजे वळणाचा सगळ्यात आतला बिंदू, नेमका पिलरमागे जातो. खरा चालक डोकं जरासं पुढे नेतो, मोकळं होतं. आपला कॅमेरा खिळ्याने ठोकलेला.

म्हणजे एका मॉनिटरवर गाडीचा सांगाडा मिलिमीटरपर्यंत अचूक काढला, तरी झाकलं जाणारं खऱ्याच्या दुप्पट होतं. मॉडेल अचूक असेल म्हणून दिसणं अचूक होत नाही. नियम लिहिताना हे समोर ठेवा, अशी कळकळीची विनंती.

किटलीकडक

वेगवेडी ताई, हे असं कोणी कधी समजावलंच नव्हतं. वाचनखूण साठवली.

आता एक डोळा मिटून अंगठा नाकासमोर धरून बघतोय आणि पटतंय!

लातूरलॅप

मी लॅपटॉपवर खेळतो. १५.६ इंच. वरचं सगळं वाचून हिशेब केला. स्क्रीनची रुंदी साडेचौतीस सेंटीमीटर, मी ५० सेंटीमीटरवर बसतो. ३८ अंश आले. हे लावून बघितलं तर विंडस्क्रीनचा तुकडा आणि स्टिअरिंग दिसतं, दोन्ही आरसे गायब. तीन मॉनिटर घेणं या वर्षी तरी शक्य नाही. बाजूचा आरसाच दिसत नसेल आणि आभासी आरसाही बंद केला तर मला मागचं दिसणार कुठून? नियम करताना आमचाही विचार व्हावा.

पिटवॉल

@लातूरलॅप, तुमच्यासाठी सविस्तर लिहितो, कारण अर्धा गट याच अडचणीत आहे आणि बोलत नाही.

मॉनिटर म्हणजे खिडकी. खिडकीतून जास्त बघायचं तर दोनच उपाय, खिडकी मोठी करा किंवा तिच्या जवळ जा. पहिल्याला पैसे लागतात, दुसऱ्याला लागत नाहीत. २७ इंची मॉनिटर ७० सेंटीमीटरवर ठेवला तर ४६ अंश, ५० वर आणला तर ६२. सोळा अंश फुकट! बहुतेकांचा मॉनिटर टेबलाच्या मागच्या कडेला असतो आणि स्टिअरिंग व्हील पुढच्या. मॉनिटर व्हीलच्या पाठीला जवळजवळ टेकवून ठेवा. लॅपटॉप असेल तर एक्स्टर्नल कीबोर्ड लावून तो व्हीलच्या मागे उंचावर चढवा, वरची कड साधारण डोळ्यांच्या रेषेत.

आता सेटिंगचा घोळ. असेटो कोर्सा आणि असेटो कोर्सा कॉम्पिटिझिओने या खेळांमध्ये जो एफओव्ही आकडा असतो तो उभ्या दिशेचा. आयरेसिंग या खेळात आडव्या दिशेचा. लोक एकातून दुसऱ्यात तोच आकडा नेतात आणि चित्र बिघडतं. २७ इंची, ६० सेंटीमीटर: आडवा ५३, उभा ३१. तुमच्या लॅपटॉपला ५० सेंटीमीटरवर आडवा ३८, उभा २२. इंटरनेटवर हिशेब करून देणारी पानं आहेत, पण टेप लावून डोळ्यापासून काचेपर्यंत स्वतः मोजा, अंदाजाने भरू नका.

३८ अंशांवर शर्यत करू नका. इतक्या लहान पडद्यावर गणिताला चिकटून राहणं मला योग्य वाटत नाही. आडवा ५० ते ५५ पर्यंत वाढवा, अंतरं थोडी लांब भासतील ते स्वीकारा, आणि एकदा ठरवलेला आकडा पुन्हा बदलू नका. सीट मागे सरकवायचा पर्यायही असतो, पण त्याने डोळे गाडीत चुकीच्या जागी जातात आणि बी-पिलर (दारामागचा खांब) पुढे येतो. तो शेवटी.

मग व्हीलवरची दोन बटणं ‘डावीकडे बघ’ आणि ‘उजवीकडे बघ’ला द्या. कोन पूर्ण ९० ठेवू नका, ४५ ते ६० पुरतो, कारण समोरचं थोडं तरी नजरेत राहायला हवं. ब्रेक मारण्याआधी क्षणभर दाबायचं, ब्रेक मारताना नाही. सवय व्हायला वेळ लागतो पण हे बटण लागलं की गाडी चालवणं बदलतं.

आणि क्रू चीफ नावाचं सॉफ्टवेअर बसवून घ्या. फुकट आहे. शेजारी गाडी आली की कानात सांगतो. डोळे समोरच राहतात, रोलकेज यांचा गोल चित्राकडे बघण्याचा आक्षेपही मिटतो. माझं स्पष्ट मत आहे की एका मॉनिटरवाल्यासाठी चित्राच्या रडारपेक्षा आवाजाचा स्पॉटर चांगला.

लातूरलॅप

पिटवॉल दादा, खूप आभार. लॅपटॉप जवळ घेऊन उंच केला. नुसत्या तेवढ्यानेच विंडस्क्रीन मोठी वाटतेय. बटणं उद्या.

र्‍हाईनकाठी

जर्मनीतून. मी व्हीआर (डोळ्यांवर चढवायचा हेडसेट) वापरतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

व्हीआरमध्ये वेगवेडी यांनी सांगितलेले दोन डोळे परत मिळतात. हेलोचा खांब खरंच विरून जातो. डोकं पुढे नेऊन पिलरमागे बघता येतं. इथला नॉर्डश्लाइफ ट्रॅक सार्वजनिक फेऱ्यांसाठी उघडतात तेव्हा मी स्वतःची साधी गाडी घेऊन गेलोय. तिथल्या फ्लूगप्लाट्झ या भागाकडे चढताना समोर फक्त आभाळ असतं, गाडी कुठे उतरणार हे आधीच माहीत असावं लागतं. ती छातीतली धडधड एका मॉनिटरवर येत नाही, व्हीआरमध्ये येते. चढ-उतार किती तीव्र आहेत हेही तिथेच कळतं.

पण व्हीआर म्हणजे पूर्ण वास्तव, असं कोणी समजू नका. सध्याचे बहुतेक हेडसेट आडवे १०० ते ११० अंश दाखवतात. पाण्यात पोहायचा चष्मा लावल्यासारख्या काळ्या कडा दोन्ही बाजूंना. त्यामुळे खऱ्या चालकाला नुसत्या कडेने जे जाणवतं त्यासाठी आम्हाला डोकं वळवावं लागतं. डोकं वळवलं की खऱ्यापेक्षा जास्तही दिसतं, कारण आम्हाला हान्स नाही आणि सीटचे पंख नाहीत. मी मागे वळून मागच्या काचेतून बघू शकतो, खऱ्या जीटी३ चा चालक हे स्वप्नातही करू शकत नाही. तेव्हा न्याय करायचाच असेल तर आमच्यावरही बंधन घाला.

आरशांबद्दलही एक गोष्ट. खऱ्या आरशात डोकं हलवलं की दृश्य सरकतं. चालक किंचित झुकून आरशातला कोन वाढवतो. माझ्या अनुभवात सिममधले आरसे तसे वागत नाहीत. मागे बघणाऱ्या एका ठरलेल्या कॅमेऱ्याचं चित्र आरशावर चिकटवलेलं असतं, कितीही झुका, तेच. शिवाय प्रत्येक आरशासाठी सगळं दृश्य पुन्हा काढावं लागतं, म्हणून बरेच जण त्याचा दर्जा किंवा अंतर कमी ठेवतात आणि लांबची गाडी आरशात येतच नाही. आभासी आरसा बंद करायचा असेल तर आधी प्रत्येकाने गाडीतले आरसे तरी नीट लावलेत का ते बघा.

वेगवेडी

आरशांवरून: फॉर्म्युला वनमध्येही हा रडण्याचा विषय आहेच. २०२२ मध्ये चाकं १८ इंची झाली, पुढच्या टायरवर ती छोटी पाती आली, आणि चालकांना बाजूचं व मागचं अजून कमी दिसू लागलं. २०२३ साठी आरशाची रुंदी १५० मिलिमीटरवरून २०० केली. जगातल्या सगळ्यात महाग गाड्यांत नियम बदलून आरसा ५ सेंटीमीटर वाढवावा लागतो, तर आपण आभासी आरशाला लबाडी का म्हणावं?

जुनंइंजिन

थोडं विषयांतर, पण जुन्या गाड्या चालवणाऱ्यांसाठी. दिसणं कमी होत जाण्याची सुरुवात हेलोपासून झाली नाही. पन्नासच्या दशकात चालक ताठ बसायचा, खांदे बाहेर, चारही चाकं नजरेत. १९६२ च्या लोटस २५ या फॉर्म्युला वन गाडीने चालकाला जवळजवळ आडवा केला, हवेचा रोध कमी व्हावा म्हणून. १९९४ च्या इमोला शर्यतीतल्या जीवघेण्या अपघातांनंतर सुरक्षेचे नियम कडक झाले आणि १९९६ मध्ये डोक्याच्या दोन्ही बाजूंना उंच कडा आल्या. प्रत्येक पायरीला वेग किंवा जीव वाचला आणि नजर थोडी गेली. सिममध्ये साठच्या दशकातली गाडी घेऊन मोंझा ट्रॅकवर चार गाड्यांच्या जथ्यात फिरून बघा, रडारची आठवणही येणार नाही. सगळं उघडं, आणि म्हणूनच तिथे शेजाऱ्याचा आदरही जास्त होतो.

सातारीक्लच

एक साधी गोष्ट कोणीच बोललं नाही. आपण बहुतेक जण रस्त्यावर उजवीकडे बसून गाडी चालवतो. गाडीची डावी बाजू लांब, तिकडे काळजी घ्यायची, ही सवय हाडात मुरलेली. जीटी३ मध्ये बसलो की उलटं. लांबची बाजू उजवी होते आणि मेंदू मात्र डावीकडेच जास्त जागा सोडतो. माझ्या निरीक्षणात आपल्या गटातल्या टकरी उजव्या वळणांवर जास्त आहेत. घाटवळण यांनी ला सोर्सचंच उदाहरण घेतलं ते उगाच नाही. नवीन पोरांना हे पहिल्या दिवशी सांगायला हवं: उजवीकडे एक अख्खी गाडी असेल असं धरूनच वळा.

रोलकेज

सगळं वाचलं, दोनदा. दोन डोळ्यांचा हिशेब माझ्या विचारात नव्हता आणि तो वजनदार आहे. आवाजाचा स्पॉटर सगळ्यांना असावा, याला माझा पाठिंबा.

चित्राच्या रडारला विरोध कायम. पिटवॉल म्हणाले तेच कारण: डोळे समोर राहिले पाहिजेत. आणि एक अट घालतो. स्पॉटर असो वा नसो, जबाबदारी दोघांची. आत घुसणाऱ्याने हे धरून चालावं की पुढच्याला आपण दिसत नाही. पुढच्याची गाडी वळायला लागायच्या आधी तुमचं पुढचं चाक त्याच्या दाराशी आलेलं नसेल तर जागा मागू नका. एका मॉनिटरवाल्याला ओलांडतोय की तीनवाल्याला, हे ट्रॅकवर कळत नाही, तेव्हा प्रत्येकाला कमी दिसतं असंच समजा.

घाटवळण

ही अट मी जशीच्या तशी नियमात घ्यायला तयार आहे. आतापर्यंतचं धरून मसुदा असा करतोय: कॉकपिट कॅमेरा सक्तीचा. हेलोचा खांब लपवायची मुभा. आवाजाचा स्पॉटर सगळ्यांना. आभासी आरसा चालू, पण एकच. चित्राचा रडार फक्त ज्यांचा एकूण एफओव्ही ६० अंशांच्या आत आहे त्यांना, ते सुद्धा एका हंगामापुरतं, मग पुन्हा बघू. व्हीआरवाल्यांनी मागच्या काचेतून बघू नये, हे त्यांच्या शब्दावर.

६० च्या आकड्यावर वाद होईल हे दिसतंय. ३४ इंची रुंद मॉनिटर ६० सेंटीमीटरवर ठेवणाऱ्याला ६७ अंश येतात, तो वगळला जातो. त्याला ला सोर्सला नाक ३ मीटर पुढे आल्यावर दिसतं. म्हणजे त्यालाही उशिराच.

किटलीकडक

३४ इंचवाला मीच. मला रडार नको, पण मर्यादा ७० करा, बाकीच्यांसाठी म्हणतोय.

पिटवॉल

आकडा कागदावर ठरवू नका. बुधवारी रात्री ९ ला सरावाचा सर्व्हर उघडतो, स्पा, फक्त पहिली तीन वळणं. दोन-दोनच्या जोड्या, एकाने आतून यायचं, दुसऱ्याने समोरच बघत राहायचं आणि दिसला की हॉर्न द्यायचा. रिप्लेत थांबवून शेजाऱ्याचं नाक कुठे होतं ते मोजू. लॅपटॉप, एक मॉनिटर, ३४ इंच, तीन मॉनिटर, व्हीआर, प्रत्येकी निदान एक जण हवा. नावं खाली द्या.

लातूरलॅप

लॅपटॉपसाठी मी.

र्‍हाईनकाठी

व्हीआर मी. तुमचे ९ म्हणजे माझ्याकडे संध्याकाळ, ऑफिसातून थेट येतो.

रोलकेज

तीन मॉनिटर माझ्याकडे आहेत. आतून येणारा मी होतो, आणि मग बाजूचे दोन्ही बंद करून एकावरही चालवून दाखवतो.